हॅमॉक नंतर घ्या, आधी टांगणार कुठे ते बघा

उन्हाळा तोंडावर आला की या पानावर माठ घेऊ का कूलर असले प्रश्न येतात, यंदा मात्र निम्म्याहून जास्त मेल हॅमॉकवर, म्हणजे दोन टोकांना बांधून आडवं व्हायच्या झुल्यावर आलेत, रील्सची कृपा असावी. जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय की कुठला घेऊ, आणि मला उलट त्यांनाच विचारावंसं वाटतंय की बाबांनो टांगणार कशाला? कापड चुकलं तर फार तर पैसे जातील, टांगायची जागा चुकली तर कंबर जाईल. म्हणून खालच्या उत्तरांत झाडं, भिंती आणि हुक यांच्यावरच जास्त बोललोय, रंग-डिझाइन तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न: आमचं घर दापोलीजवळ आहे, राहतो ठाण्याला. मे महिन्यात सगळी भावंडं पोरांना घेऊन गावी जमतो. मागच्या वाडीत माड, पोफळी आणि दोन जुनी कलमं आहेत. मला तो रिसॉर्टमधे असतो तसा पांढऱ्या दोरीचा, दोन्ही टोकांना लाकडी दांडी असलेला हॅमॉक आवडलाय. दोन माडांमधलं अंतर मोजून घेतलंय, १८ फूट आहे. घेऊन टाकू का?

दिसायला तो सुंदरच असतो आणि फोटो तर काय भारी येतात, पण इतकी माणसं चढउतर करणार असतील तर मी तो घेणार नाही. दांडीमुळे जाळी ताणून सपाट होते, आपण तिच्या आत बसण्याऐवजी वर बसतो, आणि वजन जरा कडेला सरकलं की सगळा प्रकार उलटा होऊन माणूस थेट जमिनीवर. त्यापेक्षा बिनदांडीचा, दोन्ही टोकांना कापड गोळा होणारा साधा कापडी हॅमॉक घ्या, त्यात अंग खोल बसतं त्यामुळे सहसा पलटत नाही, आणि गुंडाळला की पिशवीत मावतो.

आता माडांचं. दोन माडांच्या मधे म्हणजे बरोब्बर नारळ पडायच्या जागेवर तुम्ही डोकं ठेवणार. सालासकट नारळ किलोभराचा तरी असतोच, तो वरून येताना विचारून येत नाही, आणि वाळकी झावळी तर वारा नसतानासुद्धा निखळते. नारळ उतरवून घेतले असतील, झावळ्या साफ केल्या असतील तर ठीक, नाहीतर माडाखाली नकोच. पोफळ विसराच, खोड बारीक असतं आणि वाकतं. शेवगा, पपई, पांगारा यांचं लाकूड मऊ नाहीतर ठिसूळ. गुलमोहर दिसतो दणकट पण पावसाळ्यात फांद्या कोणाच्या पडतात ते शहरातल्यांना सांगायला नको. आंबा, फणस, चिंच, कडुनिंब चालतात, फक्त झाड जिवंत हवं आणि खोड वीतभर तरी जाड हवं. तुमच्या भागात जून २०२० च्या निसर्ग वादळाने झाडं मुळापासून हलवली होती, त्यातलं एखादं कललेलं पण उभं राहिलेलं असेल तर त्याला बांधू नका.

म्हणजे तुमची कलमंच बरी. पण बांधायच्या आधी वर बघा, पानं एकमेकांना चिकटवून केलेलं लाल मुंग्यांचं घर असेल तर दुपारची झोप झालीच म्हणून समजा.

आणि १८ फूट जरा जास्तच होतंय. इथे थोडं गणित सांगतो, कंटाळू नका, कारण हॅमॉक फाटण्याची, हुक उपटण्याची निम्मी कारणं यातच आहेत. दोरी आडव्या रेषेशी किती अंशांचा कोन करते यावर ताण ठरतो. ३० अंशांत टांगलात तर ७० किलोच्या माणसासाठी प्रत्येक बाजूच्या दोरीवर साधारण ७० किलोचाच ताण येतो. १५ अंशांत तोच १३५ किलो होतो, १० अंशांत २००, आणि खाली लोंबतोय म्हणून कडक ओढून ५ अंशांवर आणलात तर ४०० किलो. माणूस तोच, हॅमॉक तोच! आपल्याकडे सगळ्यांना तो खाटेसारखा ताठ बांधायची हौस असते, पण हॅमॉक लोंबलाच पाहिजे, तसाच तो बनवलेला असतो. कोन बघायला हाताचं पिस्तूल करा, तर्जनी आडवी आणि अंगठा उभा, तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी तिरकी रेघ दिसते ती साधारण ३० अंशांची.

या कोनात, बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर राहायला हवं असेल तर १२ फूट अंतराला झाडाला बांधायचा पट्टा पाचेक फूट उंचीवर येतो, १८ फुटांना मात्र पावणेसात फुटांवर, म्हणजे दर वेळी शिडी आणा. कलमांमधलं अंतर मोजा, १० ते १५ फुटांत असेल तर काम सोपं.

बांधायला सुंभ नको, बारीक नायलॉनची दोरी तर अजिबात नको. बारीक दोरी सालीत रुतते आणि झाडाचं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच वाहतं, आणि माडाच्या खोडाला झालेली जखम तर कधी भरूनच येत नाही. दीड-दोन इंच रुंद पॉलिस्टरचे पट्टे मिळतात ते घ्या, नायलॉनचे ताणले जातात आणि संध्याकाळपर्यंत बूड जमिनीला लागतं. पट्ट्याला शिवलेले फासे असतात, त्यात कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवायचा, झालं काम, निरगाठ मारत बसू नका, वजनाने ती इतकी आवळते की शेवटी कोयताच लागतो. कॅरॅबिनर चाव्यांना लावतात तो रंगीत खेळण्यातला नको. चढाईच्या कॅरॅबिनरवर २० केएन किंवा त्याच्या वरचा आकडा कोरलेला असतो, १ केएन म्हणजे साधारण १०० किलो समजा.

प्रश्न: पुण्यात टू बीएचके, आठवा मजला. गॅलरी ९ फूट लांब आहे. एका बाजूला रेलिंग आणि दुसऱ्या बाजूला बेडरूमच्या खिडकीचं ग्रिल, या दोघांना हॅमॉक बांधला तर चालेल का? नवरा म्हणतो चालेल.

नवऱ्याला सांगा नाही चालणार, माझं नाव सांगितलंत तरी हरकत नाही. रेलिंग हे माणूस टेकला तर पडू नये म्हणून असतं, ग्रिल चोर येऊ नये म्हणून असतं, दोन्हींपैकी एकही गोष्ट रोज तासभर आडवी ओढ सहन करायला बसवलेली नसते. वर सांगितलेल्या ३० अंशांतसुद्धा ७० किलोचा माणूस दोन्ही टोकांना साधारण ६० किलोने आडवा ओढतो, आणि झोका घेतला की त्याहून जास्त. आठव्या मजल्यावर रेलिंगशेजारी झोका, हे लिहितानाच माझ्या पोटात गोळा येतोय.

भिंतीत हुक मारायचा तर भिंत कशाची आहे ते आधी बघा. हल्लीच्या बिल्डिंगमधे बाहेरच्या भिंती बऱ्याचदा हलक्या सिमेंट ब्लॉकच्या असतात, त्यात साधा फास्टनर (भिंतीत फुगून बसणारा बोल्ट) धरतच नाही, आजूबाजूचा भुगा होऊन बाहेर येतो. विटांची भिंतही आडव्या ओढीला कच्चीच, सुट्या विटांच्या खांबाला बांधलेले हॅमॉक खांबासकट अंगावर येऊन परदेशात माणसं गेलेली आहेत. आरसीसीचा, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा, कॉलम किंवा बीम असेल तरच हुक मारायचा. ड्रिलवाल्याला सांगा की प्लास्टरची जाडी हिशोबात धरायची नाही, फास्टनर प्लास्टरच्या पलीकडे काँक्रीटमधे पूर्ण गेला पाहिजे, आणि मधे सळई लागली तर तिथे जबरदस्ती न करता जागा बदलायची. सोसायटीला विचारून घ्या, नाहीतर जनरल बॉडीत तुमचाच विषय निघेल.

नशीब असेल आणि ९ फुटांच्या दोन्ही टोकांना कॉलम असतील तर १० फुटी कापडी हॅमॉक तिथे बसतो, हुक साधारण चार फुटांवर येतील. पण खरं सांगू का, तुमच्या गॅलरीला टांगती खुर्ची जास्त शोभेल. एकच हुक, वर स्लॅबमधे, ओढ सरळ खाली, जागा कमी लागते आणि पुस्तक वाचायला तर हॅमॉकपेक्षा बरी. पंख्याच्या हुकाला मात्र अडकवू नका, तो पंख्याच्या वजनासाठी असतो, तुमच्या नाही. आणि रेलिंगपासून इतकी लांब लावा की पूर्ण झोका घेतला तरी पाय बाहेर जाणार नाहीत.

प्रश्न: वाईला आजोबांचा जुना वाडा आहे, ओसरीत झोपाळ्याच्या लोखंडी कड्या अजून आहेत, झोपाळा कधीच गेला. त्याच कड्यांना हॅमॉक लावता येईल ना?

झोपाळाच परत लावा की हो! बरं, चेष्टा राहू दे. त्या कड्या वजन सरळ खाली घ्यायला बसवलेल्या असतात, हॅमॉक त्यांना आडवा ओढतो, आणि रोज रोज त्या बाजूला ओढ बसली की लाकडातलं भोक रुंदावत जातं. टांगती खुर्ची लावलीत तर चालेल कारण तिची ओढ झोपाळ्यासारखीच खाली असते. पण आधी तुळई तपासा, हाताने ठोकून पोकळ आवाज येतोय का, वाळवीने केलेल्या मातीच्या रेघा दिसतात का, कडीभोवती लाकूड काळं पडून मऊ झालंय का. शंका आली तर जुन्या लाकडाचं काम करणाऱ्या सुताराला दाखवा, हुक विकणाऱ्या दुकानदाराला नको.

प्रश्न: कॉटनचा चांगला का नायलॉनचा? आम्ही सावंतवाडीत राहतो.

फेब्रुवारी ते मे विचाराल तर कॉटन, डोळे झाकून. घाम टिपतो, अंगाला चिकटत नाही, आणि उघड्या पाठीवर नायलॉन जसा चरचरतो तसा चरचरत नाही. पण तुमच्याकडे जूनपासून काय होतं ते मी सांगायला नको, कपाटातले कपडे जिथे बुरसतात तिथे बाहेर टांगलेल्या कॉटनचं काय होणार. एकदा काळे डाग धरले की धुऊन जात नाहीत आणि धागा आतून कुजतो, वरून कळतसुद्धा नाही. म्हणून कॉटन घेतलात तर संध्याकाळी काढून आत, आणि पावसाआधी धुऊन कडक उन्हात वाळवून माळ्यावर, उंदीर पोचणार नाहीत अशा डब्यात.

नायलॉन पटकन वाळतो, हलका असतो, पण ऊन त्याला खातं. बारा महिने उन्हात राहिलेला नायलॉन हाताला ठीक लागतो आणि एके दिवशी बसल्याबसल्या टरकन फाटतो. पॉलिस्टर उन्हाला त्यापेक्षा बरं टिकतं. समुद्राजवळ राहत असाल तर हुक आणि साखळ्यांकडे कापडाहून जास्त लक्ष द्या, खाऱ्या हवेत साधं लोखंड एका पावसाळ्यात गंजतं, स्टेनलेस घ्या आणि त्यातही ३१६ ग्रेडचं मिळालं तर तेच घ्या, ३०४ वरही खाऱ्या हवेने डाग येतात.

प्रश्न: नाशिकचा आहे, कॉलेजला. टेंट महाग पडतो आणि वजन पण होतं म्हणून ट्रेकला हॅमॉक न्यायचा विचार करतोय. एका मित्राने पॅराकॉर्डने (पॅराशूटच्या बारीक नायलॉन दोरीने) बांधायला सांगितलंय, ती म्हणे २५० किलो घेते. डेकॅथलॉनचा बेसिक वाला पुरेल का?

बेसिक वाला पुरेल रे, पण बांधणार कुठे, आपल्या गडांच्या माथ्यावर झाडं असतात किती? पठार, सडा, कातळ आणि वारा, हीच आपली परिस्थिती. हॅमॉक पायथ्याच्या गावाजवळ नाहीतर मधल्या रानात उपयोगाचा, माथ्यावर मुक्काम असेल तर टेंटला पर्याय नाही. गडावरच्या जुन्या खांबांना, कमानींना, तोफेला बांधायचा विचारही मनात आणू नकोस. आणि हरिश्चंद्रगड, भीमाशंकर वगैरे अभयारण्यात येतात, तिथे मुक्कामाचे नियम वनखात्याला विचारूनच जा.

पॅराकॉर्डचं म्हणशील तर ते २५० किलो म्हणजे नवी कोरी दोरी तुटायचा आकडा आहे, रोज वापरायचा नाही. तुझं वजन ७० धरलं आणि घाईत १० अंशांत बांधलास तर २०० किलो तिथेच झाले, वर गाठीमुळे दोरी कमजोर होते ते वेगळंच. पट्टेच ने, फार तर पाव किलो वजन वाढेल.

आता थंडी. डिसेंबरात लोकांना वाटतं स्लीपिंग बॅग आहे म्हणजे झालं, पण हॅमॉकमधे खालून हवा फिरते आणि पाठीखाली बॅग दबली की तिच्यातली ऊब जाते, माणूस पहाटे तीनला कुडकुडत उठतो आणि दोष हॅमॉकला देतो. कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळायची फोमची चटई, आत घालून झोप. डास पातळ नायलॉनमधून खालून चावतात, त्यालाही कॅरीमॅट कामाला येते, वरून मात्र जाळी हवी, जाळी शिवलेलाच मॉडेल मिळाला तर उत्तम. अवकाळीचा भरवसा नाही म्हणून वर एक ताडपत्री, आणि दोन्ही पट्ट्यांना हॅमॉकच्या जरा अलीकडे सुतळीचा एकेक तुकडा लोंबता बांध. खोडावरून पट्ट्यावर आलेलं पाणी त्या सुतळीवरून खाली गळतं, नाहीतर ते सरळ तुझ्या पाठीखाली येतं. आणि बूट रात्री जमिनीवर सोडलेस तर सकाळी झटकूनच घाल.

प्रश्न: मी ६२ वर्षांची, सांगलीला असते, कंबर अधूनमधून धरते. मिस्टरांचं वजन ९५ किलो आहे. मुलगा दोघांसाठी हॅमॉक आणतो म्हणतोय. आम्हाला झेपेल का? दुपारी त्यात झोप छान लागते म्हणतात ते खरं का?

काकू, मुलाला सांगा आणायचाच तर दोन वेगवेगळे आण. डबल म्हणून विकतात त्यात दोघं बसले की दोघंही घरंगळत मधे येतात, पाच मिनिटं गंमत वाटते, मग कोणालाच झोप लागत नाही. पण डबलच्या रुंदीचा हॅमॉक एकट्यासाठी घेतलात तर तो फारच सुखाचा. काकांसाठी पॅकेटवर १५० किलो किंवा त्याहून जास्त वजन लिहिलेलं बघा, आणि तेवढीच क्षमता पट्ट्यांवर आणि हुकांवरही लिहिलेली हवी.

झोपायची पद्धत महत्त्वाची आहे. आपण सगळे सरळ रेषेत झोपतो आणि केळ्यासारखे वाकतो, मग कंबर दुखली म्हणतो. मेक्सिकोच्या युकातानमधे लोक पिढ्यानपिढ्या पलंगाऐवजी हॅमॉकमधेच झोपतात, घराच्या भिंतीत हुक आधीपासून बसवलेले असतात, आणि ते लोक नेहमी तिरके झोपतात, डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. तसं केलं की कापड ताणलं जाऊन पाठ जवळजवळ सपाट होते. त्यासाठीच रुंद घ्या म्हणतोय. चढताना आधी पाठमोरं उभं राहून मधोमध बसायचं, मग पाय वर घ्यायचे. उतरताना उलट. तुमच्यासाठी बसायची उंची दीड फुटापेक्षा चार बोटं जास्तच ठेवा, गुडघ्यांना बरं पडतं. तरी मणक्यातली गादी सरकलेली असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्यात माझं ऐकू नका.

झोपेचं म्हणाल तर अगदीच काही ऐकीव नाही ते. जीनिव्हा विद्यापीठात २०११ मधे १२ जणांना दुपारी ४५ मिनिटं एकदा स्थिर आणि एकदा हळू झुलणाऱ्या पलंगावर झोपवून बघितलं होतं, झुलताना त्यांना झोप लवकर लागली आणि हलक्या डुलकीच्या पुढची झोपही जास्त मिळाली. माणसं फक्त बाराच होती, पण पाळण्याची दोरी ओढत बसलेल्या कुठल्याही बाईला हे सांगायला गेलात तर ती हसेल.

प्रश्न: बाळ सात महिन्यांचं आहे, साडीच्या झोळीत मस्त झोपतं. मोठा पाच वर्षांचा आहे. दोघांसाठी ऑनलाइन जाळीचा छोटा हॅमॉक बघितलाय, स्वस्त आहे. (नागपूर)

नको. बाळाला तर कुठल्याच हॅमॉकमधे एकटं झोपवू नका, मान पुढे वाकून श्वास अडकू शकतो, बाळाला झोपायला सपाट आणि घट्ट गादीच हवी. झोळीतही ते डोळ्यासमोर असेल तेवढाच वेळ ठेवा आणि हनुवटी छातीला टेकलेली नाही ना हे बघत राहा.

मोठ्यासाठी जाळीचा छोटा, बिनदांडीचा हॅमॉक तर त्याहून वाईट. मूल आत शिरताना किंवा उतरताना जाळी गोल फिरते आणि मानेभोवती आवळते. अमेरिकेत असे लाखो हॅमॉक १९९६ साली बाजारातून परत मागवले होते, कारण मुलं दगावली होती. त्याला हौस असेल तर रुंद कापडी घ्या, जमिनीपासून फूटभरच उंच, खाली गवत किंवा जुनी गादी, आणि मोठं माणूस जवळ. खेळून झालं की काढून ठेवा, नुसता लोंबत सोडू नका.

प्रश्न: नेरूळ, टॉप फ्लोअर, गच्ची आमच्याच वापरात आहे. खांब ठोकू का स्टँडवाला घेऊ?

स्टँडवाला. गच्चीत खांबासाठी भोक पाडलं की वॉटरप्रूफिंग फुटतं आणि मग पावसाळ्यात आपल्याच बेडरूममधे बादल्या. लोखंडी स्टँडला साधारण दहा फूट बाय चार फूट जागा लागते, तेवढी मोकळी हवी, पायांना रबरी टोप्या असतील असाच घ्या. कठड्यापासून लांब मांडा. तुमच्याकडे खाडीचा वारा असतो, रिकामा हॅमॉक शिडासारखा फुगतो आणि हलका स्टँड सरकवत नेतो, त्यामुळे वापरून झाला की कापड काढून आत ठेवायचं आणि स्टँडच्या पायांवर दोन-दोन विटा. वेल्डिंगच्या जागी गंज दिसायला लागला की घासून रंगाचा हात मारा, जूनच्या आधी.